निर्यातक्षम पिके घेणाऱ्या शेतकरी कुटुंबांची सर्वेक्षणे : नाशिकच्या द्राक्षशेतीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

१९९१ नंतरच्या उदारीकरणाच्या पर्वात महाराष्ट्रातील शेतीविषयक संशोधनाला एक नवा विषय मिळाला. निर्यातीसाठी पिकविणारा शेतकरी हा तो विषय होय. द्राक्ष, डाळिंब, आंबा, कांदा व फुले या पिकांवर विद्यापीठांतून प्रबंध सादर झाले, महाविद्यालयांतून लघुशोधप्रकल्प हाती घेतले गेले आणि शासकीय व निमशासकीय संस्थांनीही पाहण्या केल्या. या अभ्यासांपैकी बहुसंख्य अभ्यासांचे मुख्य साधन एकच आहे : प्रश्नावली हाती घेऊन शेतकरी कुटुंबांचे केलेले सर्वेक्षण. त्यातून निघणारे निष्कर्षही बरेचसे ठरावीक असतात. निर्यातीमुळे उत्पन्न वाढले, राहणीमान सुधारले, मात्र मजूरटंचाई, वाढता खर्च व दरातील अनिश्चितता या समस्या भेडसावतात, असा त्यांचा सर्वसाधारण सूर असतो.

हे निष्कर्ष चुकीचे आहेत असे नव्हे. परंतु ते ज्या पद्धतीने काढले जातात, ती पद्धत निर्यातशेतीच्या स्वरूपाला पुरेशी पडते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शेतकरी 'संपन्न' आहे की 'अडचणीत' आहे, हे अशाच आकड्यांवरून ठरते. कर्जमाफी, नुकसानभरपाई, पीकविमा व अनुदान यांविषयीच्या चर्चेत हेच आकडे पुढे केले जातात. म्हणून सर्वेक्षणाची पद्धत हा केवळ संशोधकाच्या सोयीचा प्रश्न राहत नाही. प्रस्तुत लेखात नाशिक जिल्ह्यातील द्राक्षशेतीचा आधार घेऊन निवड, व्याख्या, कालखंड, हिशोब आणि श्रम या पाच अंगांनी या पद्धतीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

सर्वेक्षणाची परंपरा

महाराष्ट्राला ग्रामीण पाहणीची समृद्ध परंपरा आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा केलेला अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला, तर ना. वि. कानिटकर यांच्यासमवेत केलेला जातेगाव बुद्रुकचा अभ्यास १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅन यांनी कुटुंबाची स्थिती ठरविताना केवळ शेतीचे उत्पन्न पाहिले नाही. शेतीवर भागणारी कुटुंबे, शेतीला बाहेरच्या मिळकतीची जोड देऊन भागणारी कुटुंबे आणि दोन्ही मिळूनही न भागणारी कुटुंबे असा भेद त्यांनी केला. शंभर वर्षांनंतरही हा भेद उपयुक्त आहे.

पुढे १९५४-५५ पासून शेती व्यवस्थापन अभ्यासमाला सुरू झाली. तत्कालीन मुंबई राज्यात त्यासाठी निवडलेले जिल्हे अहमदनगर आणि नाशिक हे होते. या मालेत एक महत्त्वाचा पद्धतिशास्त्रीय प्रयोग झाला. काही गावांत वर्षभर नियमितपणे नोंदी ठेवून खर्चाचा हिशोब घेण्यात आला, तर काही गावांत एकदाच विचारून माहिती मिळविण्यात आली. आठवणीवर विसंबलेली माहिती आणि रोजच्या नोंदीतून आलेली माहिती यांतील अंतर किती, हे तपासणे हा त्यामागचा हेतू होता. १९७०-७१ पासून सुरू झालेल्या पिकांच्या उत्पादनखर्चाच्या सर्वंकष योजनेने वर्षभराच्या नोंदींची ही पद्धत स्वीकारली. निर्यातशेतीवरील आजच्या बहुतेक छोट्या सर्वेक्षणांत मात्र एकाच भेटीत संपूर्ण वर्षाचा हिशोब विचारला जातो. ज्या जिल्ह्यात या प्रश्नाचा विचार सत्तर वर्षांपूर्वी झाला, त्याच जिल्ह्यात त्याचा विसर पडावा, ही खेदाची बाब आहे.

नमुना निवड : यादीत कोण असतो?

द्राक्षनिर्यातीची नोंदव्यवस्था इतर पिकांच्या तुलनेत अधिक काटेकोर आहे. २००३ च्या हंगामात युरोपीय बाजारात भारतीय द्राक्षांत मर्यादेपेक्षा अधिक कीटकनाशकांचे अंश आढळल्यानंतर अवशेष तपासणीची यंत्रणा उभी राहिली आणि २००६ मध्ये अपेडाने 'ग्रेपनेट' ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. तीत प्रत्येक निर्यातक्षम बागेची प्लॉटनिहाय नोंदणी होते, प्रयोगशाळेचा अहवाल त्या नोंदीशी जोडला जातो आणि परदेशातील खोक्यापासून मूळ बागेपर्यंत माग काढता येतो. संशोधकाच्या दृष्टीने ही तयार यादीच होय. त्याखेरीज निर्यातदारांच्या आणि सहकारी संस्थांच्या याद्याही उपलब्ध असतात.

तथापि या सर्व याद्यांत एक समान मर्यादा आहे. त्यांत त्या वर्षी निर्यातीच्या वर्तुळात असलेलाच शेतकरी असतो. ज्याने नोंदणी सोडून दिली, ज्याचा माल परत आला, ज्याने कर्जापायी बाग तोडून टाकली, तो यादीत नसतो. साहजिकच जे टिकले त्यांच्याच उत्पन्नाची सरासरी निघते आणि ती 'निर्यातीचा परिणाम' म्हणून मांडली जाते. शिवाय मुळातच ज्याच्याकडे विहीर, भांडवल, शिक्षण आणि बँकेत पत आहे, तोच निर्यातीकडे वळण्याची शक्यता अधिक. अशा वेळी निर्यातदार शेतकरी आणि इतर शेतकरी यांच्या उत्पन्नातील फरक निर्यातीमुळे पडला की आधीच्या संपन्नतेमुळे, हे साध्या टक्केवारीवरून सांगता येत नाही.

या अडचणीची जाणीव ठेवून झालेले अभ्यासही आहेत. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या 'महाग्रेप्स' या द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांच्या विपणन संघटनेवरील देवेश रॉय व अमित थोरात यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सभासद शेतकऱ्यांचे उत्पन्न पर्यायी बाजारात विकणाऱ्यांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक असल्याचे आणि लहान शेतकऱ्यांविरुद्ध पक्षपात आढळत नसल्याचे त्यात दाखविले आहे. या निष्कर्षाचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र तो एका विशिष्ट सहकारी रचनेविषयीचा आणि विशिष्ट काळातील निष्कर्ष आहे. तो सरसकट 'निर्यातीमुळे लहान शेतकऱ्याचा फायदा होतो' असा उद्धृत करणे हे मूळ अभ्यासावरही अन्याय करणारे आहे.

'निर्यातदार शेतकरी' ही व्याख्या

द्राक्षाच्या बाबतीत निर्यातदार शेतकरी कोण, याचे उत्तर नोंदणीवरून काही प्रमाणात मिळते. कांद्याच्या बाबतीत ते मिळत नाही. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर उभा करणाऱ्या शेतकऱ्याला आपला माल लिलावानंतर दिल्लीला जाणार, दुबईला जाणार की कोलंबोला, हे ठाऊक नसते. प्रतवारी व्यापाऱ्याच्या खळ्यावर होते. म्हणजे हा शेतकरी कोणत्याही यादीत 'निर्यातदार' नाही. तरीही निर्यातधोरणाचा फटका सर्वप्रथम त्यालाच बसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावण्यात आले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती अटींसह उठली आणि उरलेले शुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. या वीस महिन्यांत ज्या कुटुंबांचे उत्पन्न सरकारी अधिसूचनांनुसार खालीवर झाले, ती कुटुंबे निर्यातशेतीच्या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर राहणे ही व्याख्येतील गंभीर त्रुटी होय. 'निर्यात करणारा' आणि 'निर्यातीवर ज्याचा दर अवलंबून आहे असा' या दोन स्वतंत्र कोटी मानणे आवश्यक आहे.

'कुटुंब' या शब्दाविषयीही असाच घोटाळा आहे. सर्वेक्षणात एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब मानतात. सातबारा मात्र वडिलांच्या नावे असतो किंवा भावांत विभागलेला असतो. बँकेचे कर्ज मुलाच्या नावे, प्लॉटची नोंदणी दुसऱ्या भावाच्या नावे आणि प्रत्यक्ष बाग सर्वांची एकत्र, अशी स्थिती अपवादात्मक नाही. यादीतील नावावरून घर गाठणारा अन्वेषक अशा वेळी अर्ध्या बागेचा खर्च आणि पूर्ण बागेचे उत्पन्न, किंवा याच्या उलट, नोंदवून परत येतो.

कालखंडाचा प्रश्न

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या शेतकरी कुटुंबांच्या स्थितिमूल्यांकन पाहण्या २००३, २०१२-१३ आणि २०१८-१९ या वर्षांसाठी झाल्या. २०१८-१९ च्या पाहणीनुसार देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते आणि घरच्या श्रमासारख्या बाबींचे आरोपित मूल्य खर्चात धरल्यास ते ८,३३७ रुपयांपर्यंत उतरत होते. ५०.२ टक्के कुटुंबे कर्जबाजारी होती आणि प्रत्येक कुटुंबावरील सरासरी कर्ज ७४,१२१ रुपये होते. देशपातळीवरील चित्रासाठी या पाहण्यांना पर्याय नाही. परंतु काही तालुक्यांपुरत्या सीमित असलेल्या पिकाचा स्वतंत्र अंदाज त्यांतून काढता येत नाही. तसा तो काढावा अशी त्यांची रचनाही नाही.

या पाहण्यांतील वर्ष जुलै ते जून असे धरले जाते. खरीप व रब्बी पिकांना ते योग्यच आहे. द्राक्षवेलीचे वर्ष मात्र निराळे आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तीतून पुढील हंगामाची फळकाडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी बहार छाटणी होते आणि जानेवारी ते एप्रिल या काळात माल निघतो. बागलाण परिसरात लवकर छाटणी घेणारे शेतकरी याहूनही निराळे वेळापत्रक पाळतात. परिणामी २०१९ च्या एप्रिलमधील छाटणी, खते व मजुरी यांवरील खर्च २०१८-१९ या वर्षात पडतो, तर त्या खर्चाचे फळ २०१९-२० मध्ये हाती येते. बाग स्थिर असेल तर मागचा-पुढचा खर्च एकमेकांची भरपाई करतो. पण ज्याने मार्च २०१९ मध्ये शेवटचा माल काढून बाग तोडली, त्याच्या नावे त्या वर्षी पूर्ण उत्पन्न लागते आणि आदल्या एप्रिलचा खर्च मात्र हिशोबाबाहेर राहतो. म्हणजे ज्या वर्षी तो हरला, त्याच वर्षी तो कागदावर अधिक नफ्यात दिसतो. नवी बाग लावणाऱ्याचे चित्र याच्या उलट असते. लोखंडी मंडप, तारा, खुंटरोपे, कलमे व ठिबक यांवरील भांडवली खर्च आणि पहिल्या पिकापर्यंतची प्रतीक्षा या बाबी एका वर्षाच्या प्रश्नावलीत मावत नाहीत.

येथे कर्जाच्या आकड्याचाही विचार करावयास हवा. कोरडवाहू शेतकऱ्याचे पन्नास हजारांचे थकीत कर्ज आणि द्राक्ष बागायतदाराचे दहा लाखांचे चालू कर्ज ही दोन्ही कुटुंबे 'कर्जबाजारी' या एकाच रकान्यात बसतात. कर्ज आहे की नाही, यापेक्षा ते किती हंगामांच्या उत्पन्नातून फिटू शकेल, हा प्रश्न निर्यातशेतीत अधिक महत्त्वाचा आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातील अवकाळी पावसाने नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांची हानी झाली. असा एक हंगाम गेल्यास अनेक वर्षांची फेड लांबते आणि एकवार्षिक सर्वेक्षणात ती लांबण दिसत नाही.

हिशोबाचा प्रश्न

अनेक अभ्यासांत एकरी उत्पादनाला निर्यातीच्या दराने गुणून उत्पन्न काढलेले आढळते. प्रत्यक्षात बागेतील सर्व माल निर्यात होत नाही. मण्याचा आकार, रंग, साखरेचे प्रमाण आणि डाग या कसोट्यांवर निवड होते. उरलेला माल स्थानिक बाजारात जातो आणि त्यातूनही उरलेला बेदाण्यासाठी वा मिळेल त्या भावाने विकला जातो.

उदाहरणादाखल काही कल्पित आकडे घेता येतील. एका एकरात १०० क्विंटल माल निघाला. त्यांपैकी ६० क्विंटल निर्यातीला किलोमागे ८० रुपये दराने, ३० क्विंटल स्थानिक बाजारात ३५ रुपये दराने आणि १० क्विंटल बेदाण्यासाठी १५ रुपये दराने गेला. एकूण उत्पन्न ४,८०,००० अधिक १,०५,००० अधिक १५,००० म्हणजे ६,००,००० रुपये होते. सर्व माल निर्यातदराने मोजल्यास हाच आकडा ८,००,००० रुपये होतो. खर्च ४,००,००० रुपये धरला तर पहिल्या हिशोबात नफा दोन लाख आणि दुसऱ्या हिशोबात चार लाख दिसतो. उत्पन्नातील एक-तृतीयांश फुगवटा नफ्यात दुप्पट होऊन प्रकट होतो.

यात आणखी एक बाब मिसळते. निर्यातीच्या मालाचे पैसे बहुधा रोखीने मिळत नाहीत. माल परदेशी पोहोचून विकल्यानंतर हिशोबपट्टी येते, कधी त्यातून कपात होते, कधी रक्कम महिनोन्महिने अडकते, तर कधी व्यापारी परागंदा होतो. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्रातील पोलिसांना शेतकऱ्यांच्या फसवणुकीच्या तक्रारींसाठी खास मोहीम हाती घ्यावी लागली, यावरून या प्रश्नाची व्याप्ती लक्षात येते. वरील उदाहरणात निर्यातीच्या रकमेतील एक-चतुर्थांश, म्हणजे १,२०,००० रुपये बुडाले, तर नफा ८०,००० रुपयांवर येतो. 'आपणास काय दर मिळाला?' या प्रश्नाचे उत्तर शेतकरी ठरलेल्या दराने देतो, हाती पडलेल्या रकमेने नव्हे. प्रश्नावलीत 'ठरलेला दर', 'पट्टीतील दर' आणि 'प्रत्यक्ष मिळालेली रक्कम' असे तीन रकाने असल्यास हा दोष बव्हंशी दूर होऊ शकेल.

मानकांचे पालन आणि उत्तरदात्याचे मौन

१९९७ मध्ये सुरू झालेले व २००७ मध्ये 'ग्लोबलगॅप' असे नामांतर झालेले युरोपीय खासगी मानक, तसेच आयातदार देशांच्या अवशेष मर्यादा यांचे पालन शेतकरी कितपत करतात, हा सर्वेक्षणांचा आवडता विषय आहे. परंतु ज्या कुटुंबाची संपूर्ण विक्री फवारणीच्या नोंदवहीवर अवलंबून आहे, ते कुटुंब अनोळखी अन्वेषकाला नोंदवहीपेक्षा वेगळे काही सांगेल, ही अपेक्षा भाबडेपणाची आहे. शंभर टक्के पालन दर्शविणारे तक्ते हे पालनाचे नसून सावधगिरीचे मोजमाप असू शकते.

पालन आणि सुरक्षितता यांतील अंतर २०१० च्या हंगामाने दाखवून दिले. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रकाचे अंश युरोपात मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने द्राक्षांचे कंटेनर अडकले. हे रसायन येथील तपासणीच्या यादीतच नव्हते. येथील चाचणीत उत्तीर्ण झालेला माल तेथे नापास झाला आणि आर्थिक भार अखेरीस बागायतदारांवर येऊन पडला. त्या वर्षी 'आपण नियमांचे पालन करता काय?' असे विचारले असते, तर प्रामाणिक उत्तर 'होय' असेच आले असते. जोखीम शेतकऱ्याच्या वर्तनात नव्हती, ती व्यवस्थेच्या रचनेत होती. केवळ कुटुंबाला प्रश्न विचारणाऱ्या सर्वेक्षणास ती दिसू शकत नाही.

श्रम करणारे कोठे आहेत?

निर्यातशेतीच्या सर्वेक्षणांतील सर्वांत मोठी उणीव श्रमाविषयीची आहे. छाटणी, काडीला पेस्ट लावणे, फुटवे काढणे, मण्यांची विरळणी, घड द्रावणात बुडविणे आणि काढणी ही कामे मनुष्यबळाची आहेत. दिंडोरी-निफाड पट्ट्यातील बागांत त्यासाठी पेठ, सुरगाणा या आदिवासीबहुल तालुक्यांतून मजूर येतात. कामे बहुधा टोळीला उक्ती दिली जातात. युरोपीय ग्राहकाला अपेक्षित असणारा मण्याचा आकार विरळणीच्या कात्रीतून घडतो आणि ती कात्री बहुतांशी स्त्रियांच्या हाती असते.

प्रश्नावलीत मात्र हे सर्व 'मजूरटंचाई' या एका समस्येत आणि 'मजुरी खर्च' या एका रकान्यात सामावते. स्थितिमूल्यांकन पाहणीच्या व्याख्येत निव्वळ शेतमजुरीवर जगणारी कुटुंबे येत नाहीत. सुरगाण्यातील ज्या कुटुंबाकडे भात-नागलीची थोडी जमीन आहे, ते कुटुंब मोजले जाईल, पण नागली पिकविणारे कुटुंब म्हणून. निर्यातीच्या द्राक्षांशी त्याचा संबंध 'मजुरीचे उत्पन्न' या शब्दांत लुप्त होतो. बागायतदाराच्या घरातील स्त्रीचे श्रमही असेच अदृश्य राहतात, कारण उत्तर देणारा कुटुंबप्रमुख पुरुष असतो आणि घरच्या कामाला तो काम म्हणून मोजत नाही.

याबाबत सेनेगलमधील अभ्यास उद्बोधक आहे. मिएट मार्टेन्स व योहान स्विनेन यांनी तेथील भाजीपाला निर्यातीचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. मानके कडक झाल्यावर निर्यातदार लहान शेतकऱ्यांशी करार करण्याऐवजी मोठ्या शेतांकडे वळले. केवळ करारबद्ध शेतकरी मोजले असते तर 'लहान शेतकरी बाहेर फेकला गेला' एवढाच निष्कर्ष निघाला असता. मजुरी करणारी कुटुंबेही मोजल्यामुळे निर्यातीचा लाभ गरीब कुटुंबांपर्यंत मजुरीच्या वाटेने पोहोचत असल्याचे दिसून आले. नाशिकमध्ये असेच घडते असा दावा येथे नाही. ते घडते की नाही हे कळण्यासाठी मजूर कुटुंबे नमुन्यात असावी लागतात, इतकेच यातून सूचित होते.

काही सूचना

उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील सूचना करता येतील. एक, नमुना केवळ चालू नोंदणीतून न घेता पाच वर्षांपूर्वीच्या यादीतून घ्यावा आणि त्यांतील कोण टिकले, कोण बाहेर पडले याचा शोध घ्यावा. दोन, हिशोबाचे वर्ष पिकाच्या चक्रानुसार, म्हणजे एका खरड छाटणीपासून दुसऱ्या खरड छाटणीपर्यंत धरावे आणि त्यात किमान तीन भेटी असाव्यात. तीन, उत्पन्न प्रतवारीनिहाय आणि प्रत्यक्ष प्राप्तीनुसार नोंदवावे व शक्य तेथे हिशोबपट्ट्या पाहाव्यात. चार, त्याच बागांतील मजूर टोळ्यांच्या कुटुंबांचे समांतर सर्वेक्षण करावे आणि स्त्रियांच्या मुलाखती स्वतंत्रपणे घ्याव्यात. पाच, निष्कर्ष उत्तरदात्यांसमोर मांडून त्यांची प्रतिक्रिया अहवालात समाविष्ट करावी.

महाविद्यालयीन संशोधकाला वेळ व निधी यांची मर्यादा असते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्या मर्यादेत शंभर कुटुंबांना एकदा भेटण्याऐवजी पंचवीस कुटुंबांना चार वेळा भेटणे शक्य आहे. स्थानिक महाविद्यालयाला गावाशी असलेले सान्निध्य ही बाहेरच्या संस्थेला न मिळणारी अनुकूलता आहे.

समारोप

निर्यातशेतीचे सर्वेक्षण आज बहुधा यशस्वी शेतकऱ्याच्या अंगणात, त्याच्या आठवणीवर आणि ठरलेल्या दरावर आधारलेले असते. त्यातून जे चित्र उभे राहते ते खोटे नसते, परंतु अपूर्ण असते, आणि त्याची अपूर्णता एकाच दिशेला झुकलेली असते. बाग तोडलेला शेतकरी, पैसे बुडालेला शेतकरी, निर्यातबंदीने होरपळलेला कांदा उत्पादक आणि विरळणी करणारी मजूर स्त्री हे चौघेही त्या चित्राबाहेर राहतात. या झुकावामुळे 'द्राक्षवाल्यांना काय कमी?' हा लोकसमज आकड्यांचे बळ घेऊन धोरणकर्त्यांपर्यंत जातो आणि संकटाच्या हंगामात मदतीचे निकष ठरविताना त्याची किंमत याच कुटुंबांना मोजावी लागते. मॅन यांनी शतकापूर्वी विचारलेला प्रश्न, म्हणजे कुटुंबाचे प्रत्यक्षात भागते काय, हाच निर्यातशेतीच्या अभ्यासाचाही मूळ प्रश्न असला पाहिजे. त्याचे उत्तर मिळविण्यासाठी यादीतील घरांबरोबरच यादीतून गळालेल्या घरांचे दारही ठोठावणे अगत्याचे आहे.